शोल्डर नसलेल्या मोटरवेवर गाडी बंद पडली तर: इंग्लंडमध्ये गाडी चालवणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातून इंग्लंडला आलेल्या माणसाला तिथं गाडी चालवणं पहिल्या आठवड्यात फार अवघड वाटत नाही. गाडी डाव्या बाजूनंच चालवायची, स्टिअरिंग उजवीकडेच, आणि भारतातलं लायसन्स पहिले १२ महिने चालतं. फसगत होते ती मोटरवेवर. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर इंजिन तापलं की डावीकडच्या शोल्डरला घ्यायचं, बोनेट उघडायचं, मागं चार दगड किंवा झाडाची फांदी ठेवायची आणि सगळ्यांनी खाली उतरून पाय मोकळे करायचे, ही सवय अंगात मुरलेली असते. इंग्लंडमधल्या बऱ्याच मोटरवेंवर डावीकडची ती पट्टीच आता उरलेली नाही. तिथं ट्रक धावतात, ताशी ५६ मैलांनी.

या रस्त्यांना 'स्मार्ट मोटरवे' म्हणतात आणि ते सुरक्षित आहेत की नाहीत यावर तिथं अनेक वर्षं कडाक्याचा वाद चालू आहे. वाद समजला तर गाडी बंद पडल्यावर काय करायचं तेही नीट समजतं, म्हणून आधी वाद आणि मग कृती. घाई असेल तर 'दिवा लागल्यापासूनचं पहिलं मिनिट' या भागापासून वाचा, पण सवड मिळाल्यावर वरचंही वाचून ठेवा.

पट्टी गेली कशी

सुरुवात साधी होती. १९९५ मध्ये लंडनभोवतीच्या एम २५ वर गर्दीनुसार बदलणारी वेगमर्यादा आली. गाड्या एकसारख्या वेगानं चालल्या की अचानक ब्रेक लागून मागं लाटेसारखी पसरत जाणारी कोंडी कमी होते, हे त्यामागचं तर्कशास्त्र. शोल्डर जागच्या जागी होतं. अशा रस्त्याला 'कंट्रोल्ड मोटरवे' म्हणतात आणि त्याबद्दल फारशी कुणाची तक्रार नाही.

२००६ मध्ये बर्मिंगहॅमजवळ एम ४२ वर पुढचा प्रयोग झाला. गर्दीच्या वेळेपुरतं शोल्डर वाहतुकीला खुलं करायचं, गर्दी ओसरली की बंद करायचं. हे 'डायनॅमिक हार्ड शोल्डर'. तिथं गाडी बाजूला घेण्यासाठी थांबे होते आणि ते साधारण ५०० ते ८०० मीटरवर होते. प्रयोग यशस्वी ठरला. नवी जमीन न घेता, पूल न पाडता तीन लेनच्या चार होत असतील तर कुठल्या सरकारला ते नको असेल?

२०१४ मध्ये एम २५ वरच तिसरा प्रकार सुरू झाला: 'ऑल लेन रनिंग'. शोल्डर कायमचं गेलं, ती झाली पहिली लेन. आणि याच टप्प्यावर थांब्यांमधलं अंतर वाढलं, काही ठिकाणी अडीच किलोमीटरपर्यंत. ज्या प्रयोगाच्या यशावर हे उभं राहिलं त्यातली एक महत्त्वाची अट बांधकामात पातळ झाली. २०१० च्या सुमाराला रस्ते खात्याचे मंत्री असलेले माईक पेनिंग पुढं या योजनेचे टीकाकार झाले ते याच मुद्द्यावर.

वाद नेमका कशावर

बाजूनं बोलणारे म्हणतात की जुनं शोल्डर म्हणजे काही देवघर नव्हे. मोटरवेवरच्या दर १२ मृत्यूंपैकी एक शोल्डरवर होतो, असं तिथली महामार्ग संस्था (आजचं नाव 'नॅशनल हायवेज') सांगत आली आहे. डुलकी लागलेला चालक डावीकडेच सरकतो आणि तिथं उभ्या असलेल्या गाडीवर जाऊन आदळतो. एकूण अपघातांचे सरकारी आकडे पाहिले तर शोल्डर नसलेले मोटरवे साध्या मोटरवेंपेक्षा वाईट नाहीत, कित्येक मोजमापांत सरसच आहेत. वेग एकसारखा राहिल्यानं मागून धडकण्याचे प्रकार कमी होतात, हे खरं आहे.

विरोधक हे आकडे नाकारतात असं नाही. त्यांचं म्हणणं वेगळं आहे: चालत्या लेनमध्ये गाडी बंद पडली तर मागून धडक बसण्याचा धोका इथं वाढतो. तेही सरकारी अहवालांनीच मान्य केलं आहे. म्हणजे दोन्ही बाजू खरं बोलत आहेत. रस्ता सरासरीनं सुरक्षित आहे, पण ज्याची गाडी बंद पडली त्याच्यासाठी नाही. सरासरी काढताना न अडकलेल्या लाखो प्रवाशांत तो अडकलेला एक माणूस विरघळून जातो.

७ जून २०१९ ला शेफिल्डजवळ एम १ वर जेसन मर्सर आणि अलेक्झांड्रू मुर्ज्यानू या दोघांच्या गाड्यांची किरकोळ धडक झाली. नाव-पत्ते, विम्याची माहिती घेण्यासाठी दोघं थांबले. शोल्डर नव्हतं, म्हणून पहिल्या लेनमध्येच. मागून आलेल्या लॉरीनं दोघांचा जीव घेतला. लॉरीचालकाला शिक्षा झाली, पण जानेवारी २०२१ मध्ये कॉरोनरनं, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं, या रस्त्यांमुळे पुढंही मृत्यू होण्याचा धोका आहे असं स्पष्ट नोंदवलं. मर्सर यांच्या पत्नी क्लेअर मर्सर यांनी उभी केलेली मोहीम या वादाचा चेहरा बनली. बीबीसीच्या 'पॅनोरमा' या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमानं जानेवारी २०२० मध्ये ५ वर्षांत ३८ मृत्यूंचा आकडा समोर आणला होताच.

पुढचा क्रम थोडक्यात असा. मार्च २०२० मध्ये परिवहन मंत्री ग्रँट शॅप्स यांनी १८ कलमी आराखडा जाहीर केला. जानेवारी २०२२ मध्ये, ५ वर्षांची आकडेवारी हाती येईपर्यंत नवी कामं थांबवायची आणि असलेल्या रस्त्यांवर १५० हून जास्त नवे थांबे बांधायचे असं ठरलं. एप्रिल २०२३ मध्ये ऋषी सुनक यांच्या सरकारनं नवे स्मार्ट मोटरवे बांधण्याचा बेतच रद्द केला. कारणं दोन दिली: खर्च, आणि लोकांचा उडालेला विश्वास. पण आधी बांधलेले रस्ते तसेच आहेत. एम १, एम ३, एम ४, एम ६, एम २०, एम २३, एम २५, एम ६२ यांपैकी कुठल्या तरी रस्त्यावर शोल्डर नसलेला टप्पा तुम्हाला गाठणारच.

यंत्रावर किती भरवसा

थांबे लांब असले तरी चालेल, कारण बंद पडलेली गाडी यंत्र हेरेल आणि मागची लेन बंद करेल, असा या रचनेचा पाया आहे. त्यासाठी रडारवर चालणारी यंत्रणा सप्टेंबर २०२२ पर्यंत सगळ्या ऑल लेन रनिंग रस्त्यांवर बसवली गेली. तिच्याकडून अपेक्षा अशी की थांबलेल्या गाड्यांपैकी निदान ८० टक्के गाड्या तिनं २० सेकंदांत हेराव्यात. डिसेंबर २०२२ मध्ये रस्ते-रेल्वे नियामकानं तपासलं तेव्हा ती त्या मापाला उतरली नव्हती. पुढं सुधारणा झाली. यंत्रणेची वीज किंवा जोडणी जाऊन कॅमेरे-पाट्या बंद पडल्याचे प्रकारही 'पॅनोरमा'नं २०२४ मध्ये बाहेर काढले.

समजा सगळं अगदी चोख चाललं. तरी हिशोब करून पाहा. ताशी ७० मैल म्हणजे सेकंदाला ३१ मीटर. २० सेकंदांत मागून येणारी गाडी सव्वासहाशे मीटर कापते. यंत्रानं हेरल्यावर नियंत्रण कक्षातल्या माणसानं खात्री करायची, मग पाटीवर लाल फुली लागायची, आणि जे त्या पाटीखालून आधीच पुढं गेले त्यांना ती दिसणारच नाही. कोरड्या रस्त्यावर ७० च्या वेगात गाडी थांबायला ९६ मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर दुप्पट. तेव्हा पहिली दोन-तीन मिनिटं तुमच्या पाठीशी कुणी नाही असं धरून चला. खालची प्रत्येक कृती त्याच धारणेवर बेतली आहे.

आपण कुठल्या रस्त्यावर आहोत हे ओळखणं

डावीकडच्या कडेला पाहा. सलग पांढरी रेघ, तिच्या पलीकडे गाडी मावेल एवढी डांबरी पट्टी आणि वरच्या कमानीवर त्या पट्टीसाठी पाटी नाही, तर ते जुनं, खरं शोल्डर. पट्टी आहे, सलग रेघ आहे, पण वर तिच्यासाठीही इलेक्ट्रॉनिक पाटी आहे, तर ते डायनॅमिक. त्या पाटीवर वेगाचा आकडा असेल तरच ती लेन खुली. पाटी कोरी असेल किंवा लाल फुली असेल तर ती पट्टी फक्त अडचणीपुरती. यात नवखे लोक हमखास चुकतात: इतर लेनवर पाटी कोरी म्हणजे 'चालू द्या', पण शोल्डरवर कोरी म्हणजे 'बंद'. हा प्रकार गोंधळात टाकणारा आहे हे सरकारनंही मान्य केलंय.

रेघेला लागूनच गवत किंवा कठडा आणि अधूनमधून नारिंगी रंगाचा खिसा, म्हणजे ऑल लेन रनिंग. या खिशांना 'इमर्जन्सी एरिया' म्हणतात. निळ्या पाटीवर नारिंगी फोनचं चिन्ह आणि एसओएस अशी अक्षरं. पुढचा थांबा किती लांब आहे हेही पाट्यांवर असतं. थांबा साधारण १०० मीटर लांब आणि ४.६ मीटर रुंद असतो, म्हणजे जुन्या शोल्डरपेक्षा रुंद.

गाडी चालवताना एक खेळ खेळत राहा: शेवटचा थांबा किंवा एक्झिट कधी गेली, पुढची किती लांब. ताशी ६० मैलांनी एक मैल म्हणजे बरोबर एक मिनिट. पाऊण मैल म्हणजे ४५ सेकंद, दीड मैल म्हणजे दीड मिनिट. हे गणित डोक्यात तयार असेल तर दिवा लागल्यावर घाबरायला वेळ उरत नाही.

निघण्यापूर्वी

मोटरवेवर गाडी बंद पडते ती पुष्कळदा टाळता येण्यासारख्या कारणांनी. टायर, इंधन, कूलंट, बॅटरी, याच क्रमानं पाहा.

टायरची नक्षी कायद्यानं किमान १.६ मिलीमीटर हवी, मधल्या तीन-चतुर्थांश रुंदीत, पूर्ण घेराला. पण ३ च्या खाली गेली की बदला, तिथल्या पावसात १.६ वर गाडी पाण्यावर तरंगते. २० पेन्सचं नाणं खाचेत उभं घाला. नाण्याची बाहेरची किनार दिसत असेल तर टायर संपला. एका खराब टायरला २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर दंडाचे ३ पॉइंट. हवा टायर थंड असताना भरा. गाडीत चौघं-पाच जण आणि डिकीत सामान असेल तर भरलेल्या गाडीचा दाब वेगळा असतो, तो चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणामागं लिहिलेला सापडतो. बऱ्याच नव्या गाड्यांत स्टेपनी नसतेच, फक्त फेसाची बाटली असते. हे मोटरवेवर कळण्यापेक्षा घरासमोर कळलेलं बरं.

इंधन पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका. सर्व्हिसेस (मोटरवेलगतची पेट्रोल, खाणं आणि स्वच्छतागृहांची जागा) साधारण २८ मैलांच्या आत असाव्यात असं धोरण आहे, पण कोंडीत २८ मैलांना दोन तास लागू शकतात. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हिवाळ्यात जास्त राखीव ठेवावी. बॅटरी संपलेली गाडी साध्या दोरीनं ओढून नेता येत नाही, ती उचलूनच न्यावी लागते.

आता आतली मांडणी. लहान मुलाची सीट शक्यतो मागं डावीकडे लावा. बाहेर पडायचं दार डावं आहे, आणि उजवीकडच्या सीटमधून रडणाऱ्या मुलाला सोडवताना तुमची पाठ धावत्या लेनकडे असते. चमकदार जाकिटं डिकीत नकोत, सीटखाली हवीत. डिकी उघडायला मागं जायचंच नाहीये. जाड कोटाचंही तेच. जानेवारीत कठड्यामागं ४० मिनिटं उभं राहायचं असेल तर एसी गाडीतला पातळ स्वेटर पुरत नाही. भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील तर निघतानाच मराठीत सांगून ठेवा: गाडी बंद पडली तर डाव्या दारानं उतरायचं, कठड्यापलीकडे जायचं, आणि पिशवी घ्यायला परत यायचं नाही. ऐन वेळी समजावत बसायला सवड नसते.

फोनमध्ये दोन नंबर हवेत: ब्रेकडाउन कंपनीचा, आणि नॅशनल हायवेजचा ०३०० १२३ ५०००.

दिवा लागल्यापासूनचं पहिलं मिनिट

गाडी बंद पडते म्हणजे बहुतेकदा एकदम पडत नाही. आधी दिवा लागतो, आवाज येतो, जोर कमी होतो. त्या क्षणी हातात जो वेग आहे तेच तुमचं भांडवल. तो ब्रेकवर उधळू नका.

पहिलं काम: डावीकडे या. डावा इंडिकेटर द्या आणि एकेक लेन ओलांडत पहिल्या लेनमध्ये या. तिथल्या महामार्ग संस्थेनं २०२१ मध्ये याच दोन शब्दांची मोहीम चालवली होती, 'गो लेफ्ट'. मधल्या लेनमध्ये थांबलेल्या गाडीला दोन्ही बाजूंनी वाहतूक असते आणि बाहेर पडायला वाट नसते.

मग ठरवा: एक्झिट, सर्व्हिसेस, की थांबा? एक्झिट जवळ असेल तर तीच. ती नसेल तर नारिंगी थांबा. तिथवर जाण्यासाठी गाडीचं नुकसान झालं तरी चालेल, इथं काटकसर करायची नाही:

- पंक्चर झालं तर पार्किंग लाइट (चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात ते, तिथं त्यांना 'हॅझर्ड लाइट' म्हणतात) लावा आणि हळू, सरळ, रिमवर चालवत न्या. टायर जाईल, रिमही जाईल. जाऊ द्या.
- इंजिन तापत असेल तर एसी बंद आणि हीटर पूर्ण गरम, पंखा जोरात. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, तो इंजिनची थोडी उष्णता गाडीच्या आत खेचतो. मे महिन्याच्या नागपूरसारखं वाटेल, पण एखादा मैल मिळतो.
- ऑइलचा लाल दिवा लागला तर नियमानं इंजिन लगेच बंद करायचं असतं. चालत्या लेनमध्ये नाही. आधी थांबा गाठा.
- इंजिनच बंद पडलं तर गाडी न्यूट्रलला टाका आणि वाहू द्या. किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते, म्हणून ब्रेक पंपासारखा मारत बसू नका, शेवटी एकदाच दाबा.
- इलेक्ट्रिक गाडीत कासवाचं चिन्ह आलं म्हणजे ताकद कमी झाली आहे, तरी गाडी काही अंतर जाते. ते अंतर थांबा गाठण्यात घालवा.

किरकोळ धडक झाली असेल आणि गाड्या चालत असतील तर जागेवर थांबून माहितीची देवाणघेवाण करायची नाही. पार्किंग लाइट लावून, समोरच्याला हातानं खुणावून पुढच्या थांब्यावर किंवा एक्झिटच्या बाहेर जा. शेफिल्डची हकीकत वर आलीच आहे. 'पळून गेला म्हणतील' ही भीती खरी असते, पण कायद्याला सुरक्षित जागी जाऊन थांबलेलं चालतं.

थांब्यात पोहोचलात

वेग थांब्यात शिरल्यावर कमी करा, पहिल्या लेनमध्ये नव्हे. थांब्याच्या तोंडाशी गाडी उभी करू नका. आत, फोनच्या खुणेपर्यंत न्या. मागून दुसरा अडचणीतला माणूस येऊ शकतो. चाकं डावीकडे वळवलेली ठेवा, म्हणजे मागून धक्का बसला तर गाडी लेनमध्ये जाणार नाही. पार्किंग लाइट चालू, अंधार किंवा धुकं असेल तर साइड लाइटही.

सगळ्यांनी डाव्या दारांनी उतरायचं. चालकानंही गिअरवरून पलीकडे सरकून डाव्या दारानंच. अवघड वाटतं, पण घरी एकदा करून पाहा, डावी सीट मागं ढकलली की जमतं. मग कठड्यामागं. त्याआधी पलीकडे काय आहे ते बघा: पुलावर कठड्यापलीकडे जमीन नसते आणि अंधारात ते कळत नाही. उभं राहायचं ते गाडीच्या मागच्या बाजूला, ज्या दिशेनं वाहनं येतात तिकडे काही अंतरावर. गाडीच्या पुढं उभे राहिलात तर धडक बसलेली तुमचीच गाडी तुमच्या अंगावर येईल. कुत्रा असेल तर तो गाडीतच राहू दे. बाहेर काढावाच लागला तर पट्ट्यानं घट्ट धरा.

नारिंगी फोन उचला. तो थेट नियंत्रण कक्षाला लागतो आणि तुम्ही कुठं आहात हे त्यांना आपोआप कळतं, म्हणून मोबाइलपेक्षा तो बरा. त्यानंतर ब्रेकडाउन कंपनीला फोन.

लाल त्रिकोण? भारतात तो मागं लावायला शिकवतात, तिथं मोटरवेवर लावायचाच नाही. तो ठेवायला रस्त्याकडेनं मागं चालत जाण्यातच जिवाला धोका असतो. चाक बदलणं, बोनेटमध्ये डोकं घालणं हेही नाही, उजवीकडचं चाक तर अजिबात नाही.

आणखी एक, घरच्यांसाठी. मुलाला उलटी होतेय, फोन घ्यायचाय, नकाशा बघायचाय, पोहे खायचेत, यांपैकी कशासाठीही थांब्यात गाडी घालता येत नाही. तो गुन्हा आहे. उलटीची पिशवी हाताशी ठेवा आणि सर्व्हिसेसपर्यंत जा.

चालत्या लेनमध्येच अडकलात

हा सगळ्यात वाईट प्रसंग. दोन वाटा आहेत आणि निवड काही सेकंदांत करायची आहे.

गाडी पहिल्या लेनमध्ये, कडेला चिकटून आहे आणि डावीकडे गवत किंवा कठडा आहे: पार्किंग लाइट लावा, डाव्या दारानं उतरा, कठडा ओलांडा, गाडीपासून मागं सरका, मग ९९९ (तिथला आणीबाणीचा नंबर). आधी बाहेर, मग फोन.

बाहेर पडणं सुरक्षित नाही, म्हणजे गाडी मधल्या लेनमध्ये आहे, डावं दार उघडत नाही, किंवा बरोबर चालता न येणारी व्यक्ती आहे: आतच राहा. पट्टे बांधलेले, पार्किंग लाइट चालू, आणि लगेच ९९९. इथं ब्रेकडाउन कंपनीला फोन करण्यात वेळ घालवू नका. त्यांची माणसं चालत्या लेनमध्ये काम करत नाहीत, लेन बंद झाल्यावरच येतात. लेन बंद करण्याचा अधिकार नियंत्रण कक्षाला, आणि तिथं तुमचा निरोप ९९९ वरून सर्वांत लवकर पोहोचतो. नव्या गाड्यांत छताला आतून एसओएस बटण असतं, तेही चालेल. लेन ओलांडून पळत कडेला जायचा विचार करू नका.

फोनवर काय सांगायचं? कडेच्या निळ्या पाट्यांवर तीन गोष्टी असतात: रस्त्याचं नाव, दिशा सांगणारं अक्षर, आणि किलोमीटरचा आकडा. उदाहरणार्थ एम ६, ए, आणि खाली एखादा दशांश आकडा. या पाट्या साधारण ५०० मीटरवर असतात. पाटी दिसत नसेल तर शेवटी कुठलं जंक्शन गेलं आणि कुठल्या दिशेनं चाललात ते सांगा. इंग्रजी अडखळत असेल तर पाच तुकडे पुरतात: रस्ता, दिशा, जंक्शन, कितवी लेन, किती माणसं. लेन डावीकडून मोजतात, डावीकडची पहिली.

मागून येणारे तुम्हीच असाल तर

आपली गाडी बंद पडण्यापेक्षा दुसऱ्याच्या बंद गाडीसमोर येण्याची वेळ जास्त येते, आणि मराठी घरांत चर्चा मात्र पहिल्याचीच होते.

लाल फुली म्हणजे लेन बंद. पुढं काही दिसत नसलं तरी बंद. फुली दिसताच शेजारच्या लेनमध्ये जा, शेवटच्या क्षणापर्यंत रेटू नका. 'रस्ता तर रिकामाच आहे' असं वाटण्याचं कारण सोपं आहे: फुली बंद गाडीच्या खूप आधी लावतात. जून २०१९ पासून कॅमेऱ्यानंही दंड होतो, १०० पौंड आणि ३ पॉइंट. नवी परीक्षा पास झालेल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं: पहिल्या २ वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द, पुन्हा लर्निंगपासून सुरुवात. दोन फुल्या पुरेशा आहेत.

लाल वर्तुळातला वेग सक्तीचा. मोकळा रस्ता आणि अचानक ४० चा आकडा आला तर तो बहुतेकदा पुढच्या थांबलेल्या गाडीमुळेच असतो. उलट बाजूही लक्षात ठेवा: पाट्या कोऱ्या आहेत म्हणजे पुढं सगळं मोकळं आहे असं नाही, कदाचित अजून कुणाला कळलेलंच नसेल. पहिल्या लेनमध्ये ट्रकच्या मागं चिकटून जाणं म्हणूनच वाईट. ट्रक ऐन वेळी बाजूला सरकतो आणि समोर उभी गाडी दिसते. दोन सेकंदांचं अंतर कोरड्यात, चार ओल्यात. थांबलेली गाडी दिसली तर मागच्यांना कळावं म्हणून थोडा वेळ पार्किंग लाइट लावा, मोटरवेवर त्याला परवानगी आहे.

थांब्यातून परत रस्त्यावर

गाडी दुरुस्त झाली, म्हणून चावी फिरवली आणि निघालो, असं करू नका. जुन्या शोल्डरवर वेग वाढवून मग लेनमध्ये शिरता येत होतं. १०० मीटरच्या थांब्यात ते होत नाही. घरातली साधी गाडी भरलेली असताना तिथून फार तर ३०-३५ मैलांच्या वेगानं बाहेर पडते आणि मागून ५६ च्या वेगातला ट्रक येत असतो. म्हणून नारिंगी फोनवरून पुन्हा नियंत्रण कक्षाला सांगा. गरज असेल तर ते पहिली लेन फुली लावून बंद करतात किंवा वेग उतरवतात. त्यांनी 'निघा' म्हणेपर्यंत कठड्यामागंच थांबा.

गाडी उचलून न्यावी लागली तर पैशांचं काय, हा प्रश्न उरतो. तुमची ब्रेकडाउन पॉलिसी असेल आणि त्यांची गाडी वेळेत येत असेल तर ठीक. पण लेन मोकळी करण्यासाठी पोलिसांनी किंवा महामार्ग संस्थेनं गाडी हलवली तर कायद्यानं ठरलेला आकार तुमच्याकडून घेतात. रस्त्यावर चाकांवर उभ्या, धड असलेल्या साध्या कारला २०२३ पासून तो १९२ पौंड आहे आणि गाडी ठेवून घेतल्याचं दिवसाचं भाडं वेगळं. पॉलिसी घेताना त्यात हा आकार धरलाय का ते विचारा, आणि 'घराजवळ सोडणार की जवळच्या गॅरेजला' हेही. लंडनहून लीड्सला निघालेल्याला मध्येच नॉर्थॅम्प्टनच्या गॅरेजसमोर रात्री साडेअकराला सोडलं, तर मुलाबाळांसह पुढचा प्रवास ज्याचा त्यानं करायचा असतो.